खुशमस्करा कुठून आला?

(सामुदायिक रेडिओवरील ‘शब्दांच्या ओटीवर’ या भाषणमालेतून)



आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे खुशमस्करा. कोणी खुशमस्कऱ्या म्हणतं, कोणी खुषमस्कऱ्या लिहितं. प्रत्येक गावात असा एक तरी माणूस असतो. मोठ्या माणसाच्या दोन पावलं मागे चालतो, त्याने तोंड उघडायच्या आधीच हसतो आणि त्याच्या साध्या शिंकेलासुद्धा ‘वा साहेब!’ म्हणतो. तो नुसती स्तुती करत नाही, गंमत करत करत स्तुती करतो. म्हणून त्याचा राग येत नाही, आणि म्हणूनच तो भारी पडतो.

आधी शब्द सोडवून बघू. त्याचे दोन तुकडे पडतात, खूश आणि मस्करा. ‘खूश’ फारसीतला. खुशी, खुशाल, खुशबू ही त्याचीच भावंडं. ‘मस्करा’ त्याहून लांबचा. अरबी भाषेत स-ख-र या अक्षरांचं एक मूळ आहे. त्याचा अर्थ थट्टा करणं, कुणाला हसणं. त्यातून ‘मसखरा’ झाला, म्हणजे लोक ज्याला हसतात किंवा जो लोकांना हसवतो तो. अरबीतून शब्द फारसीत आला, फारसीतून हिंदीत आणि मराठीत. हिंदीत तो मसखरा राहिला. मराठीने मधला ‘ख’ घासून ‘क’ केला आणि मस्करी, मस्कऱ्या अशी आपली रूपं पाडली. तुर्की भाषेतही विदूषकाला ‘मस्करा’च म्हणतात. युरोपात तोंडावर लावायच्या मुखवट्याला जो ‘मास्क’ शब्द आहे, आणि पापण्यांना लावायचा जो ‘मस्कारा’ आपल्या मुलींच्या पर्समध्ये असतो, तेही याच अरबी शब्दाचे दूरचे नातेवाईक असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. सोंगाड्या तोंड रंगवतो किंवा मुखवटा लावतो, त्यावरून हे नातं जुळतं.

इथे एक फसवी वाट आहे. संस्कृतातही ‘मस्करी’ असा शब्द आहे. पाणिनीच्या व्याकरणात तो येतो. पण तिथे ‘मस्कर’ म्हणजे बांबू आणि ‘मस्करी’ म्हणजे हातात बांबूची काठी घेऊन हिंडणारा संन्यासी. त्या मस्करीचा आणि आपल्या थट्टामस्करीचा काही संबंध नाही. दोन गावांत एकाच नावाच्या दोन बायका असाव्यात, तसं आहे हे. नाव सारखं असलं म्हणजे माहेर एक असतंच असं नाही.

म्हणजे मुळात खुशमस्करा हा शिव्या खाण्यासारखा शब्द नाही. त्याच्या दोन्ही तुकड्यांत कुठेही ‘खोटं’ नाही, ‘लबाडी’ नाही. मन रमवणारा, हसवणारा माणूस, एवढाच अर्थ त्या तुकड्यांतून निघतो. मग त्याला आजची वाईट चव कुठून आली? त्यासाठी शब्द कुठे राहत होता ते पाहावं लागतं.

१३४७ साली दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झालं. पुढे त्याचे तुकडे होऊन अहमदनगरला निजामशाही आणि विजापूरला आदिलशाही आली. तीनशे वर्षं आपल्याकडच्या कचेरीची भाषा फारसीच्या वळणाची होती. ज्या भाषेत हुकूम निघतो, त्या भाषेतले शब्द चुलीपर्यंत यायला वेळ लागत नाही. आपल्या बचत गटाची वही उघडा. कर्ज, रक्कम, हप्ता, हिशेब, जामीन, वसुली, सही हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राजव्यवहारकोश’ तयार करून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणं हे त्याचं काम. कागदावरचे बरेच शब्द त्यामुळे बदलले. पण जे शब्द बाजारात, घरात, बोलण्यात मुरले होते, ते राहिले. १९२५ साली कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी फारसी-मराठी कोश काढला. तो चाळला की कळतं, आपण रोज किती फारसी बोलतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मस्करा दरबारात राहायचा, आणि दरबारात हसवण्याची किंमत मिळते. कधी मोहरा, कधी जमीन, कधी नुसतं पंगतीतलं पान. हसवणाऱ्याचं पोट धन्याच्या खुशीवर चालायला लागलं, की धन्याला काय आवडेल तेच तो बोलणार. थट्टा उरते, पण तिची दिशा बदलते. ती धन्यावर न होता धन्याला नको असलेल्या माणसांवर होते. असा हा हसवणारा हळूहळू खुशामत करणारा झाला.

तुम्हाला वांग्याची गोष्ट माहीत असेल. बिरबलाच्या नावावर ती सांगतात. बादशहा म्हणाला, ‘वांगं काय सुंदर भाजी आहे!’ बिरबल म्हणाला, ‘खरंच महाराज, म्हणून तर देवाने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवलाय.’ काही दिवसांनी बादशहाचं पोट बिघडलं आणि तो म्हणाला, ‘वांगं अगदी वाईट.’ बिरबल लगेच, ‘अगदी बरोबर, त्याच्या अंगात गुणच नाही.’ बादशहाने विचारलं, ‘परवा तर कौतुक करत होतास?’ तेव्हा तो म्हणाला, ‘हुजूर, मी चाकर तुमचा आहे, वांग्याचा नाही.’ खरा बिरबल, महेश दास, १५८६ साली वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत मारला गेला. त्याच्या नावावरच्या बहुतेक गोष्टी नंतर लोकांनी रचल्या. पण वांग्याच्या गोष्टीत लोकांनी एक बारीक गोष्ट पकडली आहे. शेवटच्या वाक्यात तो आपलं सोंग स्वतःच उघडं करतो. हसतो आपण वांग्याला नाही, दरबाराला. तो शहाणा मस्करा. जो शेवटचं वाक्य कधीच बोलत नाही, तो नुसता खुशमस्करा.

आता याहून जुन्या हसवणाऱ्याकडे जाऊ. संस्कृत नाटकांत राजाजवळ विदूषक असतो. खादाड, भित्रा, राजाचा जिवलग. तो जातीने ब्राह्मण असतो, तरी संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. नाटकातल्या बहुतेक बायकाही प्राकृतच बोलतात. राजा आणि मंत्री संस्कृतात, आणि बायका, नोकरचाकर, विदूषक प्राकृतात. त्या नाटकांतल्या बायकांची गाणी ज्या महाराष्ट्री प्राकृतात असत, तीच आपल्या मराठीची पणजी. म्हणजे विदूषक राजाच्या मांडीला मांडी लावून बसत असला, तरी भाषेने तो आपल्या बाजूचा.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’त माधव्य नावाचा विदूषक आहे. दुसऱ्या अंकात तो येतो तोच कुरकुरत. राजाच्या शिकारीपायी त्याचे सांधे दुखताहेत, जेवणाची वेळ टळते आहे. राजाला तो हे तोंडावर सांगतो. खुशमस्करा हे कधी करणार नाही. मग दुष्यंत त्याला शकुंतलेबद्दल आपल्या मनातलं सांगतो. तेवढ्यात राजधानीतून निरोप येतो आणि राजा माधव्याला पुढे पाठवतो. पाठवताना त्याला भीती वाटते, हा बडबड्या अंतःपुरात जाऊन सगळं सांगेल. म्हणून तो म्हणतो, शकुंतलेबद्दल जे बोललो ती थट्टा होती, खरं मानू नकोस.

पुढे शापामुळे राजा शकुंतलेला विसरतो. ती पोटात बाळ घेऊन भर दरबारात उभी राहते आणि राजा तिला ओळखत नाही. सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर तो पश्चात्तापाने रडतो आणि माधव्याला विचारतो, तू मला आठवण का दिली नाहीस? माधव्य सांगतो, तूच म्हणाला होतास ना, ती थट्टा होती म्हणून. मीही तसंच मानलं.

लहानपणी ही गोष्ट आपण अंगठीची आणि शापाची म्हणून ऐकतो. पण जो एकटा माणूस राजाला सत्य सांगू शकला असता, त्याला राजाने ‘मस्करी केली’ म्हणून गप्प केलं होतं, हेही त्यात आहे. दोन पुरुषांमधल्या त्या एका ‘थट्टा केली रे’ची किंमत कोणी मोजली? शकुंतलेने मोजली. हसवणारा माणूस सत्यापासून तोडला गेला, की त्याचा तोटा बहुतेक वेळा दरबाराबाहेर उभ्या असलेल्या बाईला होतो.

आपल्या तमाशातला सोंगाड्याही याच घराण्यातला. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि सोंगाड्या त्या दोघांची टोपी उडवतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा कोंडके हवालदार होऊन उभे राहायचे, आणि लोक पोट धरून हसायचे ते राज्यकारभाराला. सोंगाड्याची बिदागी समोरच्या लोकांकडून येते, म्हणून त्याची जीभ मोकळी. खुशमस्कऱ्याचं पोट एकाच माणसाच्या हातात, म्हणून त्याची जीभ बांधलेली. हसवण्याची कला दोघांकडे सारखीच असते.

खुशमस्करा शब्दाचे शेजारीही बघा. काही दरबारातून आले. ‘खुशामत’ मूळ फारसी ‘खुशामद’. त्यात ‘खूश’ आणि ‘आमद’ म्हणजे येणं आहे, स्वागताला म्हणतात तसं ‘भले आलात’. आल्यागेल्याला ‘या, बसा’ म्हणण्यात वाईट काहीच नाही, पण ते ‘या, बसा’ संपेचना, तेव्हा त्याची खुशामत झाली. ‘हुजूर’ म्हणजे धन्याची समोरची हजेरी. त्या हजेरीत राबणारा सेवक तो हुजऱ्या, आणि त्याचं वागणं ती हुजरेगिरी. पण शब्द कसे कूस बदलतात पाहा. पुण्यात पेशव्यांची खास पागा होती, हुजूरपागा. त्या जागेवर मुलींची शाळा आली. १८८४ साली सुरू झालेली ती शाळा आजही हुजूरपागा या नावानेच ओळखली जाते. हुजुरांचे घोडे बांधायच्या जागी मुली शिकायला लागल्या.

काही शेजारी थेट स्वयंपाकघरातले. ‘मस्का लावणे’मधला मस्का म्हणजे लोणी, हाही फारसी शब्द. इराण्याच्या हॉटेलातल्या बनमस्क्याने तो घरोघरी नेला. ‘चमचा’ही बाहेरूनच आलेला, आपल्याकडे पळी आणि डाव होते. चमच्याला स्वतःची चव नसते. ज्या हातात असेल त्या हाताच्या मर्जीने तो आमटीतही जातो आणि खिरीतही. १९८२ साली कांशीराम यांनी ‘चमचा युग’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. आपल्याच समाजातून निघून दुसऱ्याच्या हातचं साधन झालेल्या पुढाऱ्यांबद्दल ते होतं. स्वयंपाकघरातली वस्तू राजकारणाच्या पुस्तकावर जाऊन बसली.

आणि काही शब्द अस्सल आपल्या मातीतले. तोंडपुजेपणा, म्हणजे देव सोडून तोंडाची पूजा. गोंडा घोळणे, हे कुत्र्याच्या शेपटीवरून. री ओढणे, पुढच्याने म्हटलं की मागच्याने नुसता सूर लांबवायचा. आणि सगळ्यात गोड म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. हरभऱ्याचं रोप जेमतेम गुडघ्याएवढं. त्यावर चढलेला माणूस किती उंच जाणार? पण चढवणारा इतक्या प्रेमाने चढवतो, की चढणाऱ्याला ते चिंचेचं झाड वाटतं. रब्बीत हरभरा खुडायला गेलेल्या कुठल्या तरी बाईनेच हा वाक्प्रचार काढला असेल, असं मला आपलं वाटतं.

या शब्दांत एक गंमत आहे. खुशमस्करा, हुजऱ्या, भाट, चमचा, सगळे पुल्लिंगी. ‘खुशमस्करी’ म्हटलं तर ती बाई होत नाही, ती कृती होते. कारण उघड आहे. ज्या दरबारात खुशामतीचा मोबदला मिळायचा, तिथे बायकांना बसायला जागाच नव्हती. बायकांच्या वाट्याला शब्द आला तो लाडीगोडीचा. लाडीगोडी पोरं करतात आणि बायका करतात, असं आपण म्हणतो. ज्याच्या हातात पैसा नाही आणि निर्णय नाही, त्याने गोड बोलून मिळवायचं. सणाला माहेरी जायचं आहे, मुलीची फी भरायची आहे, तर आधी नवऱ्याचा मूड बघायचा. हा आपला छोटा दरबार. तिथे कोणाला बक्षिसात जमीन मिळाली नाही.

पण बायकांनी थट्टेच्या स्वतःच्या जागाही राखल्या होत्या. रुखवताच्या वेळी विहिणी एकमेकींना गाण्यातून टोमणे मारायच्या. मंगळागौरीच्या खेळात सासू-सुनेचं भांडण नाचून दाखवायच्या. जे रोज तोंडातून काढता येत नव्हतं, ते त्या रात्री गाण्यात काढता यायचं, आणि सासूलाही हसावं लागायचं. ही मस्करी खुशामतीची नव्हती. ती आपल्या घरच्या सोंगाड्याची होती.

आता आजच्या दरबाराकडे येऊ. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. हजारो बायका पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. आणि खुर्ची आली की तिच्यामागे खुशमस्करा येतोच. तो आपल्या ओळखीच्याच कपड्यांत येतो. ‘ताई, तुमच्यासारखी सरपंच या गावाने बघितली नाही. तुम्ही आमची झाशीची राणी. तुम्ही कशाला त्रास घेता, वाचायचं काम आमचं, तुम्ही फक्त सही करा.’

गटांच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. एका गावात अशाच एका ताईंनी सह्या केल्या. बाई कष्टाळू, प्रामाणिक. फाइल आणणारा दर वेळी एखादा विनोद सांगायचा, ताई हसायच्या, हसता हसता पेन चालायचं. काम झालं नाही आणि बिल मात्र निघालं. चौकशी आली तेव्हा नोटीस ताईंच्या नावाने होती. हसवणारा कागदावर कुठेच नव्हता. ‘मला कोणी दरडावलं असतं तर मी वाचलं असतं,’ ताई मला म्हणाल्या. ‘पण मला इतका मान आजवर कोणी दिलाच नव्हता.’

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका. जिचं कौतुक कधी झालंच नाही, तिला पहिलं कौतुक खरं वाटतं. म्हणून खुशमस्कऱ्याचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक म्हणजे आपण. त्यावर आपल्याजवळ उपाय आहे, आणि तो जुना आहे. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशेब. याच्यात गोड बोलण्याला कुठे जागाच नाही. कर्ज कोणाला द्यायचं ते अध्यक्षीणबाईंच्या मर्जीवर नाही, बैठकीत गोल बसून ठरतं. इतिवृत्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. ज्या खोलीत कागद मोठ्याने वाचला जातो, तिथे खुशमस्कऱ्याचं पोट भरत नाही. खुर्चीवर बसलेल्या बाईने हीच सवय पंचायतीत न्यावी. कागद आधी मोठ्याने वाचून घ्यावा, सही नंतर. फाइल आणणाऱ्याला हसू आलं तर येऊ दे.

म्हणून कौतुकाला घाबरायचं का? मुळीच नाही. गटातली एखादी पापड चांगले लाटते, एखादीचा हप्ता कधी चुकत नाही, तर तिला तोंडभरून सांगा. खरं कौतुक कामाचं नाव घेऊन होतं. ‘तुमच्यासारखं कोणी नाही’ असं मोघम कोणी बोललं, की पदर सावरून बसावं. आणि आणखी एक ओळखायची खूण. कौतुक करणाऱ्याला एकदा साधं ‘नाही’ म्हणून बघा. त्यानंतरही तो तितकाच हसतमुख राहिला, तर तो मित्र. चेहरा पडला, तर ते हसू उधारीचं होतं.

आणि थट्टेलाही हाकलू नका. प्रत्येक गटात एक फटकळ बाई असते. अध्यक्षीण जरा लांबवून बोलायला लागली की म्हणते, ‘अगं, दूध उतू जाईल, आटप आता.’ सगळ्या हसतात, अध्यक्षीणही हसते आणि बैठक वेळेत संपते. तिला गप्प करू नका. माधव्याच्या घराण्यातली आहे ती. दुष्यंताने आपल्या माधव्याला थट्टा म्हणून उडवून लावलं, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

पुढच्या वेळी ‘चहाडी’ या शब्दाबद्दल बोलू. तोवर आपल्या गावात गोड बोलणाऱ्यांना काय काय नावं आहेत, ती गोळा करून ठेवा. आजीला विचारा. तिच्याकडे असे शब्द असतील, जे कुठल्याच कोशात सापडायचे नाहीत.